हाताने घडवलेली आर्चटॉप गिटार आणि तिची केस: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्चटॉप घेणारे बहुतेक जण आधी गिटार ठरवतात, आगाऊ रक्कम भरतात आणि केसचा विचार गिटार घरी यायच्या आठवड्यात करतात. दमट, समशीतोष्ण गावात ते एखाद वेळी निभावतं. नागपुरात निभावत नाही. इथे मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याच्याही खाली जाते. ऑगस्टात ती ८० टक्क्यांच्या वर असते. आणि उन्हाळ्यात घरातला कूलर ही दोन्ही टोकं एकाच दिवसात दाखवतो. कोरीव फळीच्या वाद्याला इथे धक्क्यांपेक्षा हवेचं भय जास्त आहे. म्हणून केसचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आर्चटॉप म्हणजे नेमकी कोणती गिटार?

जिची वरची फळी आणि पाठ सपाट नसते, कमानीसारखी फुगीर असते ती. व्हायोलिनच्या बांधणीचं तत्त्व गिटारला लावलेलं आहे. गोल भोकाऐवजी दोन बाजूंना एफ आकाराची छिद्रं असतात. तारा ब्रिजवरून, म्हणजे फळीवर उभ्या असलेल्या घोडीवरून जाऊन शेवटी टेलपीसला, म्हणजे गिटारच्या खालच्या टोकाला लावलेल्या पट्टीला अडकतात. ब्रिज फळीला चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच तो जागेवर बसतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा कामी येणार आहे.

अमेरिकेतल्या कलामाझू गावात ऑर्व्हिल गिब्सनने १८९०च्या दशकात अशी कोरीव वाद्यं बनवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. १९२२ मध्ये लॉइड लोअर हा वाद्यरचनाकार तिथे असताना एफ-होल असलेलं एल-५ हे मॉडेल आलं आणि आर्चटॉपचा साचा ठरला. तेव्हा गिटारला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, आणि ब्रास वाद्यांच्या ताफ्यात तिला ऐकू जायचं होतं. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये फ्रेडी ग्रीन अनेक दशकं अशीच गिटार बहुतांशी अ‍ॅम्पशिवाय वाजवत राहिला. न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिकोने १९३२ ते १९६४ या काळात स्वतःच्या छोट्या दुकानात ११००हून थोड्या जास्त गिटार घडवल्या. आजही कारागीर त्या समोर ठेवून काम करतात.

दुकानदार सगळ्यालाच 'हँडमेड' म्हणतात. खरं कसं ओळखायचं?

वरची फळी कशी झाली ते विचारा, बाकीचं आपोआप कळतं. तीन प्रकार असतात. पहिला, कोरीव: स्प्रूस या लाकडाचे सुमारे २५ मिलिमीटर जाडीचे दोन जोडतुकडे मधोमध चिकटवून त्यातून कमान कोरून काढतात. मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर आणि कडेजवळ ३ मिलिमीटरच्या आसपास जाडी उरते. दुसरा, दाबून वाकवलेली अखंड पातळ फळी. तिसरा, प्लाय: पातळ थर चिकटवून साच्यात दाबलेले.

प्लाय ओळखायला टॉर्च पुरे. एफ-होलच्या कापलेल्या कडेकडे तिरप्या उजेडात पाहा. प्लाय असेल तर थरांच्या आडव्या रेषा दिसतात, मधला थर बहुधा वेगळ्या रंगाचा. कोरीव फळीत वरच्या पृष्ठभागावरची रेघ कडेवरून खाली उतरते आणि आतल्या बाजूला निघते. दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा आत सरकवून ब्रेसिंग, म्हणजे फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, पाहा. चांगल्या कामात त्या पट्ट्या कमानीला केसाएवढीही फट न ठेवता बसवलेल्या असतात. कारागिराचा हात सगळ्यात खरा तिथेच दिसतो, कारण ती जागा गिऱ्हाईक कधी पाहत नाही.

मशीनने ढोबळ कोरून घेतलंय असं कुणी सांगितलं तर बिचकू नका. अनेक चांगले कारागीर सुरुवातीचं लाकूड सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काढतात. शेवटचे एक-दोन मिलिमीटर कोण आणि कसे काढतो, हे विचारण्यासारखं आहे. प्रत्येक स्प्रूस वेगळा वाकतो, वेगळा वाजतो. फळी टिचकी मारून ऐकत, वाकवून पाहत जाडी ठरवणं हेच या कामाचं मोल आहे.

मग प्लायची गिटार घेऊच नये का?

जरूर घ्यावी. १९४९ची गिब्सन ईएस-१७५ प्लायचीच होती, आणि तिच्यावर जॅझचा मोठा इतिहास घडला आहे. अ‍ॅम्पवर मोठ्या आवाजात वाजवायचं असेल तर प्लायची फळी कमी शिट्ट्या मारते (म्हणजे फीडबॅक कमी होतो), हवामानही बरंच सोसते. घरी अ‍ॅम्पशिवाय बसून फळीचा आवाज ऐकायचा असेल, तरच कोरीव गिटारचे पैसे सार्थकी लागतात.

माझं गाणं म्हणत कॉर्ड वाजवणं चालतं. मला शोभेल?

बहुधा नाही. खुल्या कॉर्डवर गाणाऱ्याला साधी फ्लॅटटॉप, म्हणजे सपाट फळीची गोल भोकाची गिटार, जास्त साथ देते. आर्चटॉपचा स्वर पटकन उठतो आणि पटकन विरतो, मधल्या पट्टीत भरदार असतो. जॅझचे चार-पाच स्वरांचे कॉर्ड, जुन्या सिनेसंगीतातला ठेका, एकेरी स्वरांची चाल अशा ठिकाणी ती उजळते.

मला मांडीवर ठेवून स्लाइड वाजवायची आहे, रागदारीसाठी. जुनी आर्चटॉप बदलून घेऊ का?

हा प्रश्न आपल्याकडेच येतो आणि त्याला कारण आहे. पंडित विश्वमोहन भट्टांची मोहन वीणा आर्चटॉप गिटारच्या शरीरावरच उभी आहे: ३ मुख्य तारा, ५ साथीच्या आणि १२ तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या), एकूण २०. कमानीची फळी खालचा दाब चांगला पेलते म्हणून हे जमलं. पण सहा तारांसाठी पातळ कोरलेल्या फळीवर नंतर १४ तारांचा भार चढवणं म्हणजे ती खचवणं. तुम्हाला तरफेचं वाद्य हवं असेल तर त्या कामासाठीच बांधून घ्या. कोलकात्यात असं काम करणारे कारागीर आहेत. फक्त सहा तारांवर स्लाइड वाजवायची असेल तर नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, चढवायचा उंच तुकडा मिळतो. तो काढता येतो आणि गिटार तशीच राहते.

गिटार मिळेल कुठे?

सीताबर्डी किंवा सदरच्या दुकानात कोरीव आर्चटॉप टांगलेली सापडेल अशी आशा ठेवू नका. कारागिराला ऑर्डर देणं, परदेशातून वापरलेली मागवणं किंवा मुंबई-बंगळुरूच्या एखाद्या वादकाकडून घेणं, हेच खरे मार्ग. ऑर्डरची गिटार हातात यायला वर्ष किंवा जास्त लागू शकतं.

कारागिराशी बोलताना 'आवाज कसा आहे' हे शेवटी विचारा. आधी हे विचारा: लाकूड किती वर्षं वाळवलंय, कार्यशाळेतली आर्द्रता किती ठेवतात, गिटार आवडली नाही तर किती दिवसांत परत घेतात. ४५ टक्क्यांच्या आसपास बांधलेलं वाद्य आपल्याकडच्या दोन्ही टोकांच्या मधे बसतं. फार दमट जागी बांधलेली फळी नागपूरच्या एप्रिलमध्ये मधल्या जोडावर उघडू शकते.

मापं: खालच्या बाजूची रुंदी १६, १७ किंवा १८ इंच असते. बसून वाजवणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाला १६ किंवा १७ पुरे, १८ इंचांच्या गिटारवरून उजवा हात टाकला की खांदा वर उचलावा लागतो. ब्रेसिंग समांतर असेल तर आवाज जास्त टोकदार, एक्स आकाराचं असेल तर गोड आणि पसरट. पिकअप (तारांचा आवाज अ‍ॅम्पपर्यंत नेणारा भाग) हवा असेल तर 'फ्लोटिंग' मागा. तो मानेच्या टोकाला किंवा पिकगार्डला (फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीला) लटकतो, फळीला भोक पडत नाही.

खर्च किती धरू?

नामांकित कारागिराची नवी कोरीव आर्चटॉप ५,००० डॉलरच्या खाली क्वचित मिळते, आणि १०,००० डॉलरच्या पुढच्या किमती सर्रास दिसतात. चीनमधल्या ईस्टमनच्या कार्यशाळेत कोरलेल्या गिटार याहून बऱ्याच स्वस्त आहेत, आणि पहिली आर्चटॉप म्हणून मी त्यांचीच शिफारस करतो.

बाहेरून मागवली तर मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार आणि शेवटी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. हे सगळं फक्त गिटारच्या किमतीवर नसतं; वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर असतं. दर बदलत राहतात, म्हणून पैसे पाठवायच्या आधी कस्टम्स एजंटकडून ९२०२ या, म्हणजे गिटारसारख्या तंतुवाद्यांच्या शीर्षकाखालचा आजचा दर काढून घ्या.

इथे केसचा मुद्दा पुन्हा येतो. वाद्यासाठी घडवलेली केस वाद्याबरोबरच आली तर वर्गीकरणाच्या नियमानुसार ती वाद्याच्याच शीर्षकाखाली जाते. नंतर एकटी मागवली तर ती वेगळी वस्तू ठरते, वेगळं शीर्षक, आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या पेटीचं विमानभाडंही वेगळं. कारागिराला सांगा: केस तुम्हीच बसवून पाठवा.

लाकडाच्या कागदपत्रांची भानगड काय आहे?

शिसवाच्या सगळ्या डाल्बर्जिया जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत गेल्या आणि वादकांची फार ओढाताण झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड ही त्यातलीच एक जात मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि तिला ही सूट नाही. जुन्या आर्चटॉपच्या फिंगरबोर्डला किंवा ब्रिजला ते असू शकतं. विक्रेत्याकडून लाकडांची नावं लेखी घ्या. स्प्रूस, मेपल आणि साधी आफ्रिकन एबनी असेल तर काळजी नाही.

नागपूरच्या हवेत ती टिकेल का?

टिकते, पण लक्ष द्यावं लागतं. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं आणि आकसतं. सपाट फळीत हा बदल पोट वर येण्यात दिसतो. कमानीत तो लगेच तारांच्या उंचीत दिसतो: पावसाळ्यात कमान वर चढते, अ‍ॅक्शन (मानेपासून तारांची उंची) उंच होते, बोटं दुखतात. उन्हाळ्यात कमान खाली बसते, तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणतात, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला लागायला लागतात. ती टोकं लागणं ही पहिली सूचना आहे. त्यानंतरही गिटार उघडी राहिली तर तडा मधल्या जोडावर किंवा एफ-होलच्या टोकापासून निघतो.

आता कूलर. बाहेरची ४३ अंशांची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत येते तेव्हा खोलीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे सहज जाते. लाइट गेली किंवा पाणी संपलं की तासाभरात हवा पुन्हा कोरडी. नवतपात हे दिवसातून दोनदा घडतं. एसीच्या खोलीत उलट, हवा कोरडीच राहते. दोन्हीकडे गिटार भिंतीवर टांगून ठेवणं म्हणजे तिला रोज ताणणं आणि सैल करणं. एप्रिल ते जून गिटार बंद केसमध्ये, कूलरच्या झोतापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकता ठेवा. वाजवून झालं की लगेच आत.

डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांना मिळतो, पण त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा, पाणी वर तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचा मापक पाच टक्के कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवून वाचा. केसच्या आत ४५ ते ५० टक्के हवेत.

केसच्या आत आर्द्रता राखायची कशी?

गोल भोकात लटकवायचे ह्युमिडिफायर आर्चटॉपला बसत नाहीत. एफ-होलमधून सोडायची रबरी नळी मिळते, पण ती जास्त ओली राहिली तर पाणी आत ठिबकतं. मी ती सुचवत नाही. बोव्हेडासारखी दुतर्फा पाकिटं, ४९ टक्क्यांची, बरी पडतात. ती कोरड्यात ओलावा देतात, दमटात शोषतात. एक हेडस्टॉकखाली (मानेच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाखाली), दोन शरीराजवळ ठेवा, पण फळीला टेकवू नका. आपल्या उन्हाळ्यात ती पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या खूप आधी कडक होतात, म्हणून मार्चमध्येच जास्तीची आणून ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेल भरमसाट टाकू नका, केस गरजेपेक्षा कोरडी होते.

आणि हे सगळं केस नीट बंद होत असेल तरच. झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी ठेवून बंद करा आणि ओढून पाहा. पट्टी सहज निघाली तर हवाही तिथूनच जाते.

केस घेताना काय पाहायचं?

ड्रेडनॉटची (नेहमीच्या मोठ्या फ्लॅटटॉप गिटारची) चांगली केस चालेल का, असं सगळे विचारतात. नाही चालत, आणि कारणं मोजून दाखवता येतात. ड्रेडनॉटची रुंदी १६ इंचांहून कमी असते, म्हणजे १७ इंचांची आर्चटॉप आत जातच नाही. १६ इंची एखादी बसलीच, तर उंचीचा घोळ होतो. दोन्ही कमानी आणि ब्रिज धरून आर्चटॉपची जाडी १३-१४ सेंटीमीटर भरते, आणि तो सगळ्यात उंच बिंदू म्हणजे ब्रिज, नेमका झाकणाच्या मधोमध येतो. झाकण सपाट असेल आणि वर कुणी बॅग ठेवली, तर भार थेट ब्रिजमधून कमानीवर उतरतो.

तिसरं कारण कुणी पाहत नाही. आर्चटॉपची मान मागे ३ ते ५ अंश झुकलेली असते, त्यामुळे हेडस्टॉक शरीराच्या पातळीपेक्षा बरंच खाली येतं. फ्लॅटटॉपच्या केसमध्ये ते तळाला टेकतं. केस आडवी पडली की मान तिथे तुटते, बाहेरून केसला ओरखडाही नसतो.

म्हणून केस घरी आली की असं तपासा. गिटार आत ठेवा. हेडस्टॉकखाली हात घाला, बोटं मोकळी सरकली पाहिजेत. मानेचा आधार नटच्या थोडा मागे, मानेच्या पोटालाच लागायला हवा. मऊ कापडाचा एक छोटा गोळा ब्रिजच्या बाजूला, त्याच्याहून थोडा उंच ठेवून झाकण अलगद लावा आणि उघडा. तो दाबला गेला असेल तर किती जागा आहे ते कळतं. गिटार बाजूंना, टेलपीसच्या टोकाला आणि खांद्यांना घट्ट असावी. पाठीची कमान मात्र तळावर टेकून डोलता कामा नये, आधार कडांवर हवा. केस बंद करून उभी धरून हलकेच हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर ती केस तुमच्या गिटारची नाही.

कारागिराकडून मागायची मापं: खालची, कमरेची आणि वरची रुंदी, शरीराची लांबी, कडेची जाडी, ब्रिजसकट पूर्ण जाडी, एकूण लांबी. हेडस्टॉकची रुंदीही विचारा.

प्लायवूडची कमानदार झाकणाची केस घर ते मैफल एवढ्या कामाला पुरते. सतत विमानप्रवास असेल तर फायबरग्लास किंवा कार्बन फायबरची घ्या; काल्टन आणि हॉफी मापानुसार बनवतात. फोमची हलकी केस दोन्हींच्या मधली आहे आणि उष्णता चांगली अडवते, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. बाहेरचा रंग फिकट मागा. काळी केस उन्हात तापते आणि आतली हवाही तापवते.

गिग बॅग?

कोरीव आर्चटॉपसाठी नको. अ‍ॅक्टिव्हावर पाठीला लावून धरमपेठ ते सदर जायचं असेल तर प्लायवाली न्या.

गाडी, ट्रेन, विमान?

गाडीत डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांपलीकडे जातं, आणि त्या पातळीला लाकडाचा गोंद मऊ पडायला लागतो. समृद्धीवरून ७०१ किलोमीटर मुंबई गाठताना जेवायला थांबलात तर केस सोबत आत न्या, विचित्र दिसलं तरी चालेल.

ट्रेनमध्ये एसी डबा, केस आडवी, दोन्ही बाजूंना अडकून बसेल अशी. विमानात केबिनच्या ७ किलो आणि ५५ सेंटीमीटरच्या मर्यादेत ती बसत नाही. काही कंपन्यांत वाद्यासाठी वेगळी सीट घेता येते, तिकीट काढायच्या आधी फोन करून लेखी उत्तर घ्या. सामानात द्यायची वेळ आली तर तारा एक-दोन स्वर उतरवा, ब्रिज आणि टेलपीसखाली मऊ कापड सरकवा, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू भरा. तारा पूर्ण सोडू नका, ब्रिज आत मोकळा फिरेल आणि फळीवर घासेल.

कुरिअरने आलेली केस लगेच उघडू?

२४ तास खोलीत बंद ठेवा, मग उघडा. बाहेरचं खोकं उघडताना व्हिडिओ काढा, विम्यासाठी लागतो. आणि जमत असेल तर पाठवणीची तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठरवा. त्या महिन्यांत आपली हवा वाद्याला सगळ्यात मानवते आणि गिटारला उन्हाळ्याआधी इथे रुळायला वेळ मिळतो.

तारा बदलताना ब्रिज निघाला. सूर लागत नाही.

घाबरू नका. बहुतेक गिटारमध्ये एफ-होलच्या आतल्या खाचांच्या जवळपास ब्रिजची जागा असते, तिथून सुरू करा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर मिळवून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरा असेल तर मानेकडे. आधी पातळ ई तारेचं, मग जाड ई तारेचं, म्हणून ब्रिज थोडा तिरपा बसेल आणि तेच बरोबर आहे. सरकवण्याआधी तारा सैल करा. पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला.

जुनी, १९५०च्या आधीची आर्चटॉप घेतली आहे. पिवळट पिकगार्ड कडांना भुगा होतंय.

ते सेल्युलॉइड आहे आणि ते कुजतंय. त्यातून निघणारी वाफ जवळचे धातूचे भाग गंजवते, आणि बंद केसमध्ये ती कोंडली जाते. आजच काढा, कागदात गुंडाळून गिटारपासून दूर ठेवा आणि नवं बनवून घ्या. मूळ तुकडा फेकू नका, पुढे विकताना त्याची किंमत असते.

फळीला बारीक तडा दिसतोय. फेव्हिकॉल भरू?

नको. फेविक्विक तर अजिबात नको, ते लाकडात मुरतं आणि नंतर कुठलाच गोंद धरत नाही. तारा दोन-तीन स्वर उतरवा, तड्याचा फोटो काढून तारीख लिहा, गिटार ताज्या पाकिटांसह आठवडाभर केसमध्ये बंद ठेवा. कोरडेपणाने पडलेला बारीक तडा पुष्कळदा ओलावा परतल्यावर मिटत येतो, आणि तेव्हाच तो नीट चिकटवता येतो. ते काम कोरीव वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. गिटारचा माणूस जवळ नसेल तर व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याला विचारा, कमानीची फळी त्याच्या ओळखीची असते.